जादूगारांचं गुप्त मंडळ खेळात कसं उभारावं

घरच्या टेबलावर आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गेम मास्टरला कधी ना कधी जादूगारांचं गुप्त मंडळ आणावंसं वाटतं. काळे झगे, अंगठीवरचा शिक्का, तळघरातली सभा, परवलीचं एखादं वाक्य, एवढं जमवलं की मंडळ तयार झालं असं धरलं जातं. मग तिसऱ्या-चौथ्या सेशनला खेळाडू त्या तळघरात पोचतात, झगेवाल्यांशी लढतात, जिंकतात आणि मंडळ संपतं. पुढच्या आठवड्यात त्याचं नावही कुणाला आठवत नाही.

मंडळाकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून असं होतं. हे लोक नेमकं काय लपवतात, ते उघडं पडलं तर कुणाचं काय बिघडेल आणि लपवण्यापायी त्यांना रोज काय सोसावं लागतं, या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्या वहीत असतील तर झगे आणि अंगठ्या नसल्या तरी चालतं. ती नसतील तर महागडे नकाशे आणि पुतळ्याही कामाला येत नाहीत. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इकडची जी पोरंपोरी आता स्वतः खेळ चालवू लागली आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर. तो जग सांगतो, बाकीचे त्या जगातल्या एकेका पात्राच्या तोंडून बोलतात आणि पात्राने केलेलं धाडस जमलं की फसलं हे फासे ठरवतात. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स अमेरिकेत छापला गेला आणि तिथून हा प्रकार जगभर गेला.

गुपित कसं सांभाळलं जातं हे शिकायला परदेशी पुस्तकं उघडण्याआधी वऱ्हाडातलंच एक खरं उदाहरण नीट बघा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे पंथाचं मोठं केंद्र. स्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे मूळ पोथी एका धाडीत गेली आणि पंथातल्या लोकांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. त्यानंतर चौदाव्या शतकापासून पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले जाऊ लागले. सकळ, सुंदरी, अंक अशी त्या लिपींची नावं. सकळ लिपी रवळोबासांनी घडवली असं परंपरा सांगते. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा वेगळीच खूण, आणि ती उलगडायची रीत गुरूकडून शिष्याकडे. ग्रंथ अनधिकारी हातात पडू नयेत ही त्यामागची कळकळ. परिणाम असा झाला, की प्राचीन मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा कित्येक शतकं सर्वसाधारण मराठी वाचकाला दिसलाच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिपींची उकल केली तेव्हा दार उघडलं. त्यानंतर ज्यांनी या वाङ्मयावर मन लावून काम केलं त्यांत आपल्या यवतमाळचे य. खु. देशपांडे आहेत. त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि यवतमाळचं शारदाश्रम हे संशोधनाचं ठिकाण त्यांच्याच नावाशी जोडलेलं आहे. या गावात राहून गुप्ततेवर विचार करायचा तर सुरुवात इथून करणं रास्त आहे.

महानुभाव जादूगार नव्हते आणि तो आजही नांदता पंथ आहे. त्यांना उचलून तुमच्या खेळात मंत्रतंत्र करायला लावू नका, नाव बदलूनही नको. उचलायची ती गुप्तता कशी चालते याची समज.

पहिली गोष्ट, त्यांनी जपलं ते पुस्तक होतं. तळघर नव्हतं, खजिना नव्हता. पुस्तकाची नक्कल होते, ते हरवतं, चोरीला जातं, चुकीच्या माणसाच्या हाती लागतं, त्याचं एक पान दुमडून कमरेला खोचता येतं. म्हणजे गोष्टीला पाय फुटतात. दुसरी गोष्ट त्या हरवलेल्या मूळ पोथीची. तुमच्या मंडळाचा मूळ मंत्रग्रंथ दोनशे वर्षांपूर्वी जळाला आणि तीन शिष्यांनी तो आठवणीतून लिहिला असं धरा. आता तीन शाखा झाल्या, तिघींचे मंत्र जरा जरा वेगळे, आणि प्रत्येकीला वाटतं खरा पाठ आपलाच. मंडळातली भांडणं तुम्हाला वेगळी शोधावी लागत नाहीत, ती या एका घटनेतून आपोआप निघतात. खेळाडूंनी एका शाखेचा मंत्र दुसऱ्या शाखेच्या रीतीने म्हटला तर काय होईल? हा एक प्रश्न दोन सेशन सहज पुरतो.

तिसरी गोष्ट अंतराची. महानुभावांचे मठ पंजाबात आणि पार काबूलपर्यंत गेले, आणि तिकडेही मराठी पोथ्या जपल्या गेल्या. परक्या मुलखात, परक्या भाषेत वेढलेला एक माणूस घरच्या लिपीतली पोथी उघडतो, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या खेळाडूंना त्यांच्या गावापासून शंभर कोस लांब, भलत्याच राज्यात, एखाद्या भिंतीवर ओळखीची खूण दिसू द्या. मंडळ किती मोठं आहे हे भाषण देऊन सांगण्यापेक्षा त्या एका खुणेने जास्त कळतं.

चौथी गोष्ट सगळ्यांत कामाची. जो समूह आपलं दार लावून घेतो, त्याच्याबद्दल बाहेर वाटेल ते बोललं जातं. महानुभावांच्या वाट्याला शतकानुशतकं बदनामी आली आणि त्यातलं बरंचसं बोलणाऱ्यांनी त्यांचा एकही ग्रंथ वाचलेला नव्हता. तुमच्या खेळातही मंडळाची पहिली ओळख अफवेने करून द्या आणि ती अफवा खोटी असू द्या. लोक म्हणतात ते पोरं पळवतात. प्रत्यक्षात ते अनाथ पोरं सांभाळतात. लोक म्हणतात ते नदी आटवतात, प्रत्यक्षात... त्याकडे आता येतोच.

परदेशी खेळांतून एकच उदाहरण घेतो, कारण ते अचूक आहे. १९८७ मध्ये जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी आर्स मॅजिका हा खेळ काढला. त्याचा काळ तेराव्या शतकातला युरोप, म्हणजे योगायोगाने चक्रधरस्वामींचंच शतक. त्यात ऑर्डर ऑफ हर्मीस नावाचं जादूगारांचं मंडळ आहे. खेळाच्या कर्त्यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: जादूगार एकमेकांना एवढे घाबरतात, तर ते एका छपराखाली येतील कशाला? उत्तर म्हणून त्यांनी बोनिसेगस नावाच्या जादूगाराने शोधलेलं एक कवच कल्पिलं, पार्मा मॅजिका. दुसऱ्याच्या मंत्रापासून ते वाचवतं. ज्याने शपथ घेतली त्यालाच ते शिकवलं जातं, आणि बाहेरच्या कुणाला शिकवणं हा मंडळाच्या दृष्टीने घोर अपराध. बघा, एका शोधात मंडळ का आहे, त्यात शिरायचं का, बाहेर पडणं अवघड का, सगळं आलं. ड्रॅगनलान्स या दुसऱ्या खेळजगातले पांढऱ्या, लाल आणि काळ्या झग्यांचे जादूगार दिसायला जास्त देखणे आहेत, त्यांची जीवघेणी परीक्षाही रंगतदार आहे, पण मंडळाचा पाया समजून घ्यायचा तर आर्स मॅजिकाच बघावा.

आता आपलं मंडळ उभारू. जग काल्पनिक, पण जमीन आपली ठेवा. गेम मास्टरने ज्या मातीवरून चप्पल घासली आहे ती माती त्याला वर्णन करता येते. स्कॉटलंडचा किल्ला त्याने फक्त सिनेमात पाहिलेला असतो. आपल्या जिल्ह्यात काय नाही? पश्चिमेला काळा पाषाण आणि काळी माती, वणीकडे चुनखडी आणि दगडी कोळसा, दक्षिणेला पैनगंगा आणि सहस्रकुंडाचा धबधबा, टिपेश्वरचं वाघांचं जंगल, पलीकडच्या काठाला माहूरचा डोंगर. कळंबचं चिंतामणीचं देऊळ तर पायऱ्या उतरून खाली जायचं, आणि आत कुंड. काही वर्षांनी त्या कुंडाचं पाणी वर चढत देवाच्या पायापर्यंत येतं अशी श्रद्धा आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी शकुंतला रेल्वे कापसासाठी टाकलेली, अरुंद रुळांची. बंद पडलेले ते रूळ अजून आहेत. यांतलं काहीही नाव बदलून घ्या.

आणि या सगळ्याच्या खाली पाणी. यवतमाळकरांना २०१८ चा उन्हाळा विसरता येणार नाही. निळोणा आणि चापडोह आटले आणि शहर टँकरकडे डोळे लावून बसलं होतं. ज्या गोष्टीसाठी आपली माणसं खरोखर रात्र जागली, तीच तुमच्या मंडळाच्या मुळाशी ठेवा. टेबलावर कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

तर समजा, मंडळाचं नाव झरेकरी. नाव माझं, खेळापुरतं. झरेकरी जादूगार जमिनीखालचं पाणी ऐकू शकतात आणि मंत्राने वळवू शकतात. गावोगाव ते पाणाडे म्हणून हिंडतात, नारळ तळहातावर ठेवून विहिरीची जागा सांगतात, दोन पायली ज्वारी घेतात आणि पुढे जातात. लोक समजतात, हा पाणी शोधतो. खरं गुपित असं की तो पाणी शोधत नाही, आणतो, आणि आणलेलं पाणी दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या विहिरीतून आलेलं असतं. नवं पाणी जादूने होत नाही. एका गावची विहीर भरली की दुसरीकडे एक आटते.

हे कळलं तर काय होईल? गावं एकमेकांवर कुऱ्हाडी घेऊन धावतील. राजा प्रत्येक झरेकऱ्याला धरून राजधानीच्या तलावाशी बांधून ठेवेल. सावकार विहिरी विकत घेऊन ठेवतील. म्हणून ते गप्प आहेत. हे गुपित वाईट माणसांचं नाही. चांगली माणसं एका वाईट हिशेबात अडकली आहेत आणि तो हिशेब त्यांनी आपापसातच ठेवला आहे. खेळाडूंना हे कळेल तेव्हा तलवार कुणावर उगारायची हा प्रश्न त्यांना पडला पाहिजे. तो पडला की तुमचं मंडळ उभं राहिलं.

सोसणंही ठरवा. प्रत्येक झरेकऱ्याला ज्या गावचं पाणी त्याने काढलं त्या गावात वर्षातून एकदा जाऊन राहावं लागतं, असा नियम करा. कुणाला काही सांगायचं नाही. आटलेल्या विहिरीच्या काठावर बसायचं, ज्या घरी पाणी नाही त्या घरी जेवायचं, आणि परत यायचं. या एका नियमाने तुमच्या मंडळातला प्रत्येक माणूस वेगळा होतो. एक जण दरवर्षी जातो आणि रडून येतो. एक जण सात वर्षांत गेलेला नाही. एक जण गेला आणि तिथेच राहिला, लग्न केलं, आता मंडळाविरुद्ध बोलतो. एक बाई अशी, की ती प्रत्येक गावाचं नाव गाठी मारून लुगड्याच्या काठावर ठेवते. पात्रं अशी मिळतात. त्यांना शक्तीचे आकडे नंतर देता येतील.

सभासद कोण असावेत? सगळे म्हातारे दाढीवाले नकोत. जिनिंगमध्ये सरकी उपसणारी बाई, रुळांवरचा जुना खलाशी, बाजारात मिरच्या विकणारी म्हातारी, तालुक्याच्या कचेरीतला कारकून, ज्याच्या हातात विहिरींची नोंदवही आहे. कारकून फार महत्त्वाचा. गुप्त मंडळ टिकतं ते मंत्रांवर जितकं, तितकंच कागदपत्रात बसलेल्या एका निमूट माणसावर. भरती कशी होते हेही ठरवून ठेवा, कारण एखादा खेळाडू ‘मला यांच्यात जायचंय’ म्हणणारच. झरेकरी कुणाला बोलावत नाहीत. ज्याला रात्री जमिनीला कान लावून झोपायची सवय आहे अशा पोराकडे ते लक्ष ठेवतात आणि दुष्काळाच्या वर्षी त्याच्या दारात येतात. दुष्काळात कुणी नाही म्हणत नाही. हे जरा क्रूर आहे, आणि मंडळातल्या काहींना ते टोचतं. टोचू द्या.

निरोप कसे जातात यात मात्र मन रमवा, कारण खेळाडूंच्या हातात प्रत्यक्ष काही देता येतं ते इथे. आपल्याकडे साधनं भरपूर आहेत. बैलबाजारात सौदा बघितला असेल तर आठवा: दोघे दलाल उभे, मध्ये खांद्यावरचा रुमाल, रुमालाखाली दोघांचे हात. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटं दाबून भाव. भोवती वीस माणसं, पण आकडा दोघांनाच कळतो. हे टेबलावर जसंच्या तसं करा. ज्या खेळाडूचं पात्र मंडळात आहे त्याच्याशी रुमालाखाली बोटांनी बोला. एक बोट म्हणजे होय, दोन म्हणजे धोका, मूठ म्हणजे आता नको. बाकीचे खेळाडू बघत असतात आणि त्यांना काहीच कळत नाही. तो ताण कुठल्याही फाशाने येत नाही. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी, म्हणजे हाताच्या आणि डोळ्यांच्या खुणांनी अक्षरं सांगायची जुनी रीत, हीही आपल्याकडचीच. पूर्ण शिकायची गरज नाही, पाच-सहा खुणा खेळापुरत्या ठरवल्या तरी पुरे.

पोळ्याच्या झडत्या मला यासाठी सगळ्यांत आवडतात. तोरणाखाली बैल उभे, अख्खं गाव जमलेलं, एक जण मोठ्याने झडती म्हणतो आणि लोक हसतात. गुप्त निरोप द्यायला याहून उघडी जागा कुठली? झरेकऱ्यांसाठी मी रचलेली ही एक:

उगवतीच्या वावरात पिंपय एक वाकला,
तीन बैल पाणी प्याले, चौथा मांगं थांबला.

गावाला यात बैलांची गंमत दिसते. झरेकऱ्याला कळतं, की पूर्वेकडच्या तीन गावांना पाणी दिलं, चौथ्याला यंदा नाही. आणि त्या चौथ्या गावचा माणूस त्याच गर्दीत उभा राहून हसतो आहे. अशा चार झडत्या आधी रचून ठेवा. पहिल्या सेशनला सणाचं वर्णन करताना एक सहज म्हणा, खेळाडू विसरतील. सहाव्या सेशनला अर्थ उघडला की त्यांना पहिला दिवस आठवेल.

लिखाणासाठी मोडी वापरा. ती गुप्त लिपी नव्हती, दप्तराची रोजची लिपी होती, पण आजच्या मुलांना वाचता येत नाही, म्हणून टेबलावर ती कोडंच ठरते. युनिकोडमध्ये ती २०१४ पासून आहे, त्यामुळे फाँट लावून छापताही येते. अक्षरबदलाची स्वतःची लिपी करायची असेल तर देवनागरीची व्यंजनं एका ओळीत लिहा आणि खाली तीच उलट्या क्रमाने लिहा. क च्या जागी शेवटचं, ख च्या जागी त्याआधीचं. स्वर आणि मात्रा तशाच ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. निरोप दहा-बारा शब्दांचाच असावा. त्यापेक्षा मोठा दिलात तर एक खेळाडू कागदात डोकं घालून बसतो आणि बाकीचे फोन काढतात.

धागेदोरे पेरण्याचा एक नियम पाठ करा. जस्टिन अलेक्झांडर नावाच्या लेखकाने तो मांडला आहे: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्यासाठी किमान तीन दुवे ठेवा. पहिला त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा अर्थ ते भलताच लावतील, तिसरा लागेल. पाणी नवं होत नाही, वळवलं जातं, हे कळायला हवं ना? मग कारकुनाच्या नोंदवहीत दोन गावांच्या विहिरींच्या तारखा ठेवा, एक भरली तोच दिवस दुसरी आटल्याचा. एका नव्या विहिरीच्या पाण्यात चुनखडीची चव ठेवा, जिथे कोसावर चुनखडी नाही. आणि एक पोरगी ठेवा, जिने आटत्या विहिरीत आपली पितळी वाटी पडलेली पाहिली आणि ती वाटी आता वीस कोसांवरच्या विहिरीतून पोहऱ्यात वर आली. वाटी खेळाडूंच्या हातात प्रत्यक्ष ठेवा, घरातली आणा. तिच्यावर नाव कोरलेलं असेल तर उत्तम, आपल्या आज्यांच्या भांड्यांवर ते असतंच.

यांतला कुठलाही दुवा फाशावर टांगू नका. ‘वीसपैकी पंधरा पडले तर नोंदवही दिसते’ असं ठेवलंत आणि चार पडले, तर तुमची गोष्ट तिथेच अडकली. नोंदवही दिसूच द्या. फासा टाकायचा तो कारकून येण्याआधी पान फाडता येतं का, यासाठी.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते ती. आपल्या जिल्ह्यात कोलाम, गोंड, परधान, बंजारा, पारधी राहतात. कोलामांना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरलं आहे. पारध्यांसारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, आणि तो कागदावरून पुसायला १९५२ उजाडलं. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. ‘जंगलातले गूढ जादूगार’ म्हणून यांतल्या कुणाचा पेहराव, बोली, देव किंवा आडनाव तुमच्या मंडळाला चिकटवलंत, तर खेळाच्या नावाखाली तोच शिक्का तुम्ही पुन्हा मारता. टेबलाभोवती बसलेल्या पोरांपैकी एकाचं घर तिथलं असू शकतं. झरेकरी सगळ्या जातीजमातींचे आणि सगळ्या धंद्यांचे ठेवले, ते याचसाठी.

दुसरं, जादूटोणा हा महाराष्ट्रात नुसता करमणुकीचा विषय नाही. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याच जिल्ह्यात या शतकात नरबळीचा खटला चालला आहे. म्हणून माझ्या टेबलावर काही गोष्टी येत नाहीत: माणसाचा बळी, लहान मुलांवर प्रयोग, बाईला चेटकीण ठरवून छळणं. पाणाड्याच्या हातातला नारळ खेळात खरा असतो, टेबलावरून उठलं की नसतो, आणि लहान मुलं खेळत असतील तर हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगतो. भूजल शोधायला भूगर्भाचा अभ्यास आणि उपकरणं लागतात, हेही त्याच दमात.

पहिला खेळ सुरू होण्याआधी अर्धा तास बसून सगळ्यांना विचारा, कुठला विषय नको. कुणाच्या घरी कर्जापायी आत्महत्या झालेली असू शकते. यवतमाळमध्ये हा प्रश्न विचारल्याशिवाय दुष्काळाचा खेळ मांडू नये, इतकं ठामपणे सांगतो. मधेच कुणाला जड झालं तर बोट ठेवायला टेबलाच्या मध्यावर एक कार्ड ठेवा. जॉन स्टाव्ह्रोपोलस या खेळाडूने ही एक्स-कार्डची पद्धत रुजवली. कार्डावर बोट पडलं की तो प्रसंग सोडायचा, कारण विचारायचं नाही. पालक विचारायला आले तर त्यांना एक सेशन बसून बघू द्या. नावात जादूगार आहे म्हणून भ्यालेली आई पोरांना हिशेब करताना, वाद घालताना, शुद्ध मराठीत भाषण ठोकताना पाहते तेव्हा निवांत होते.

शेवटी, गुपित फुटतं तो दिवस. बहुतेक गेम मास्टर इथे मोठी लढाई ठेवतात. तुम्ही तीन गावांची पंचायत ठेवा. झरेकरी उघडे पडलेत, भरलेल्या गावचा पाटील म्हणतो आमचं पाणी आमचं, आटलेल्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्यात, आणि मंडळाची म्हातारी प्रमुख खेळाडूंना म्हणते, आता हिशेब तुम्ही करा. त्यांच्यापुढे नकाशा पसरा, सात विहिरी काढा आणि पाण्याचे म्हणून चार मणी ठेवा. मणी कुठे ठेवायचे ते त्यांनी ठरवायचं. त्या वेळी तुम्ही काही सुचवू नका, घड्याळ लावू नका, फासे बाजूला सारून ठेवा. कुणी मणी अर्धा करता येईल का असं विचारलं, तर त्यासाठी कुठला मंत्र लागेल, तो तिन्ही शाखांपैकी कुणाच्या पोथीत आहे आणि ती पोथी आता कुठे आहे, हे वहीत आधीच लिहून ठेवा. पुढचं कॅम्पेन तिथून सुरू होईल.